उन्हाळ्यात कुंडीतील झाडांच्या पाण्याचे तापमान

कुंडीतल्या झाडांना साधारण २० ते ३० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. गोव्यात मार्च ते मे या काळात दुपारची हवा ३३-३४ अंशांवर असते. गच्चीवर भर उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मात्र कडेची माती ४५ अंशांच्याही वर तापते. जमिनीतली मुळे खोल गारव्याला जातात, कुंडीतल्या मुळांना ती वाट नसते. साधारण ३५ अंशांपुढे बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ मंदावते आणि ४० च्या पुढे इजा होऊ लागते. त्यात गरम पाणी पडले की मुळे शिजतात. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना जेमतेम ७.

खरा दोष बहुधा नळीचा असतो. अर्धा इंची, २० मीटर लांबीच्या नळीत अडीच लिटर पाणी मावते. उन्हात पडलेल्या नळीतले हे पाणी हात भाजेल इतके तापते, आणि बारा इंची कुंडीला एका वेळी लागणारे पाणीही जवळपास तेवढेच, अडीच-तीन लिटर. म्हणजे सगळे कढत पाणी रांगेतल्या पहिल्या कुंडीच्या वाट्याला येते. तीच लिंबाची किंवा मानकुराद आंब्याच्या कलमाची कुंडी वारंवार सुकत असेल, तर रोग शोधण्याआधी नळी पाहावी. पहिले पाणी बादलीत सोडावे, मनगटावर धार घेऊन पाणी गरम लागत नाही ना याची खात्री करावी, मगच झाडाकडे वळावे. बादलीतले पाणी सावलीत निवले की वापरता येते.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी संध्याकाळी सर्वांत जास्त तापलेले असते. म्हणून टाकीवर भिस्त असणाऱ्यांनी सकाळी आठच्या आत पाणी घालावे. विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही बेताचे गार असते, ते थेट चालते. फ्रिजचे पाणी किंवा बर्फ मात्र नको. गारठलेली मुळे पाणी ओढत नाहीत आणि माती ओली असूनही पाने मान टाकतात.

भाजलेले मूळ ओळखणे सोपे आहे. निरोगी कोवळे मूळ पांढरे व टणक असते. मेलेले तपकिरी होते, चिमटीत धरून ओढले की साल मोज्यासारखी निघून येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. अशा झाडाला जास्त पाणी घातल्यास उरलेली मुळेही कुजतात. ते सावलीत हलवावे आणि वरची दोन इंच माती सुकल्यावरच पाणी द्यावे.

दुपारी पाणी घातल्याने पाने करपतात, ही समजूत गुळगुळीत पानांच्या बाबतीत खरी नाही. माती कोरडी ठाक असेल तर संध्याकाळची वाट पाहू नये. कुंडी सावलीत ओढून साधे पाणी दोन टप्प्यांत, दहा मिनिटांच्या अंतराने घालावे. सुकून आकसलेली माती कडेने फट सोडते, आणि एकदम ओतलेले पाणी त्या फटीतून तळाच्या भोकावाटे निघून जाते. मातीवर नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले) उपडी अंथरली, कुंडी तापलेल्या चिऱ्यांवरून उचलून विटांवर ठेवली, की मुळांना पुष्कळ गारवा मिळतो.