डॉक्टरल कन्सॉर्शियम की शोधनिबंध? परिषदेला नेमकं काय पाठवायचं

जेसीडीएल, टीपीडीएल, आयसीएडीएल अशा डिजिटल ग्रंथालयांच्या परिषदांमध्ये शोधनिबंध तर असतातच, पण कधीकधी त्यासोबत डॉक्टरल कन्सॉर्शियमही असतं, म्हणजे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी चालू काम मांडून परिषदेने नेमलेल्या मार्गदर्शकांचा सल्ला घेण्याचं सत्र. पीएच.डी.चे बरेच विद्यार्थी कन्सॉर्शियमला निबंधाची सोपी आवृत्ती समजतात आणि दोन्हीकडे त्याच स्लाइड घेऊन जातात. खरं तर निबंधात झालेलं काम पटवून द्यायचं असतं आणि कन्सॉर्शियममध्ये व्हायचं काम तपासून घ्यायचं असतं.

एक विषय धरू: जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या संग्रहात शोध घेणं. १९६२च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले. त्यामुळे जुन्या छपाईत ‘नांव’, ‘केलें’ आहे आणि आजचा वाचक ‘नाव’, ‘केले’ टाइप करतो. सरसकट अनुस्वार काढावेत, तर ‘अंक’चा ‘अक’ होतो. ‘घरांत’ आणखी अवघड, कारण जुन्या लेखनात तो एका घराबद्दलही असतो, आज मात्र अनेक घरांबद्दलच. त्यात ओसीआर (स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं ओळखणारी संगणकप्रणाली) फिकट छपाईतला अनुस्वार गाळतो किंवा शाईच्या ठिपक्याला अनुस्वार समजतो, ते वेगळंच.

हा विषय कन्सॉर्शियमला न्यायचा तर निकाल हाती असायची गरज नाही, पण प्रश्न टोकदार हवा. ‘मराठी डिजिटल ग्रंथालयांचा अभ्यास’ यावर मार्गदर्शक काहीच बोलू शकत नाहीत. ‘अनुस्वारांचं प्रमाणीकरण (जुनं-नवं लेखन एकसारखं करणं) शोधासाठीची शब्दसूची बनवताना करावं की वाचकाचा शोधशब्द विस्तारून, आणि कशात चुकीचे निकाल कमी येतात?’ असं विचारलं की लगेच चर्चा सुरू होते. विस्तारित सारांश सहसा विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावावर जातो आणि बऱ्याच ठिकाणी गाइडचं पत्रही मागतात. योग्य वेळ म्हणजे विषय पक्का झालेला आणि थोडी चाचणी झालेली असावी, पण पद्धत अजून बदलता यावी. प्रबंध लिहून होत आला असेल तर मिळालेला सल्ला वापरायला जागाच उरत नाही, आणि अर्ज नाकारला जाण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

स्लाइड ८ ते १० पुरतात. निम्मा वेळ चर्चेला ठेवा. शेवटच्या स्लाइडवर ‘धन्यवाद’ऐवजी मार्गदर्शकांसाठी दोन-तीन खरे प्रश्न लिहा: नमुना कोणत्या दशकांतून घ्यावा, एखादं पान शोधाशी सुसंगत आहे की नाही हे किती जणांकडून ठरवून घ्यावं, स्वामित्वहक्काची मुदत न संपलेली पुस्तकं घ्यावीत का (भारतात ती लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची असते). उत्तरं टिपायला सोबतच्या कुणाला तरी बसवा, कारण बोलताना स्वतः काही लिहून होत नाही. आणि प्रत्येक शंकेला बचावाचं उत्तर देऊ नका. कन्सॉर्शियम वाया जातं ते बहुतेक त्यामुळेच.

निबंधात हे सगळं उलटं. तिथे दावा एक, पुरावा पूर्ण. तुलनेसाठी आधाररेखा हवी: काहीही प्रमाणीकरण न करता तोच संग्रह, तेच शोधशब्द. शोधशब्द ५०च्या आसपास असले तर तुलनेला वजन येतं. नुसतं रिकॉल (सुसंगत पानांपैकी किती सापडली) वाढल्याचं दाखवू नका. अनुस्वार काढले की रिकॉल वाढणारच, पण प्रिसिजन (सापडलेल्यांपैकी किती सुसंगत) किती घसरलं हे पहिल्या रांगेतून हमखास विचारतात. पानं सुसंगत आहेत की नाही हे ठरवणाऱ्या दोघांचं एकमत किती, तेही कप्पा मूल्यासह (योगायोगाने जुळलेली मतं वगळून एकमत मोजणारा आकडा) द्या. चुकांच्या विश्लेषणाला एक अख्खी स्लाइड द्या. श्रोत्यांना कामाची खोली कळते ती तिथेच.

वेळ बहुतेक ठिकाणी प्रश्नांसकट २० मिनिटांच्या आसपास. आपल्याकडच्या सवयीने पहिली पाच मिनिटं डिजिटल ग्रंथालयाची व्याख्या, रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं, उद्दिष्टं आणि गृहीतकं यांत जातात, मग निकालांचा तक्ता धावत दाखवावा लागतो. विद्यापीठाच्या सिनॉप्सिसला हा क्रम शोभतो, पण इथे समोर बसलेल्यांना ती व्याख्या पाठ आहे.

दोन्हीकडे बोलताना देवनागरी सांभाळा. परिषदेच्या संगणकावर फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं फुटतात, म्हणून फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ न्या. मराठी न येणाऱ्यांसाठी शब्दाखाली रोमन लिप्यंतर द्या आणि बदललेलं चिन्ह रंगाने दाखवा. ‘ऱ्य’ यात असेल तर आधी डेटा तपासा. तो ऱ आणि हलन्त असा, किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) असाही लिहिलेला सापडतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण एनएफसी (युनिकोडचं एकसारखं करण्याचं ठरलेलं रूप) केल्यावरही एक होत नाहीत आणि शोध चुकतो. थेट डेमोवर विसंबू नका, रेकॉर्ड केलेली चित्रफीत जवळ ठेवा.

प्रमाणपत्राचा हिशेबही वेगळा. यूजीसीच्या २०१६च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी परिषदांमधली दोन सादरीकरणं सक्तीची होती, २०२२च्या नियमांनी ती सक्ती काढली. तरी विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, आणि कन्सॉर्शियममधलं सादरीकरण त्यात धरतात का, हे पीएच.डी. विभागाला अर्जापूर्वी लेखी विचारा. सारांश कुठे छापला जाणार हेही आयोजकांना विचारून घ्या. जेसीडीएलच्या कन्सॉर्शियममधले काही सारांश आयट्रिपलईच्या डिजिटल ग्रंथालय समितीच्या बुलेटिनात आले आहेत. तसं झालं तर पुढच्या निबंधात त्याचा संदर्भ द्या आणि तोच मजकूर उचलू नका. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तुमचा स्वतःचा जुना परिच्छेदही उसनाच दिसतो.