मोरीच्या पाण्याला हवा लागते

गणपतीला गावी निघायच्या आदल्या दिवशी भांडुपच्या आमच्या शेजारच्या काकांनी मला एक पाकीट दाखवलं. आत जिवाणूंची पावडर. "संडासाच्या टाकीत टाकली की टाकी कधी उपसायलाच नको," असं दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे. मी त्यांना एकच आकडा सांगितला. माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत दहा हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. टाकीला जिवाणू कधीच कमी पडत नाहीत. गावच्या सांडपाण्यात कमी पडतो तो ऑक्सिजन.

पूर्वी पाणी विहिरीवरून हंड्याने यायचं. मोरीतून जाईल तेवढं परसातल्या अळवाला आणि केळीला लागायचं. २०१९ साली जलजीवन मिशन ही घरोघरी नळाची सरकारी योजना आली, तिचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात. म्हणजे दोनशे माणसांच्या वाडीत रोज ८,८०० लिटर. नळ दारात आला, पाणी जायचं कुठे ते ठरलंच नाही. आता त्याच अळवात काळं डबकं साचतं आणि वास मारतं.

वास का येतो, हे समजून घेण्यासारखं आहे. पेज, तेल, साबण, मळ हे जिवाणूंचं अन्न. ते खाताना जिवाणू अन्नातले इलेक्ट्रॉन काढून दुसऱ्या कुणाला तरी देतात. घेणारा ऑक्सिजन असेल तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं, वास नाही. तो संपला की नायट्रेटची पाळी, मग सल्फेटची. सल्फेटने इलेक्ट्रॉन घेतले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कुजक्या अंड्याचा वास तो हाच.

आणि ऑक्सिजन संपतो फार लवकर. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. घरगुती सांडपाण्यातल्या जिवाणूंची ऑक्सिजनची भूक लिटरमागे दोनशे-तीनशे मिलिग्रॅमची. एक लिटर हवेत मात्र सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, शिवाय तो पाण्यापेक्षा हवेत दहा हजार पट वेगाने पसरतो.

मुंबईत भांडुप-घाटकोपरच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत पाण्यात यंत्रांनी हवा खेळवतात. वाडीला ते वीजबिल झेपणार नाही. तिने उलट करावं, पाणी हवेत पसरावं. त्यासाठी खडीचा वाफा आणि वर कर्दळ. महिन्याभराने त्यातला एक खडा उचलून बघा, बोटाला बुळबुळीत लागतो. तो थर मिलिमीटरभरही जाड नसतो, पण सगळं काम त्याचं. थराच्या बाहेरच्या बाजूला नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टर नावाचे त्याचं नायट्रेट करतात. अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनमागे त्यांना ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. थराच्या आत ऑक्सिजन पोचत नाही. तिथले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. खड्याच्या एवढ्याशा पाठीवर दोन्ही कामं चालतात, हे मला अजूनही नवल वाटतं.

पाणी अखंड सोडलं तर मात्र खडीतली हवा जाते, थर फुगतो, वाफा चोंदतो. म्हणून वाफे दोन करायचे आणि पाळीपाळीने पाणी फिरवायचं. पाटाच्या पाण्यावर बाग शिंपणाऱ्याला हे शिकवायला नको. संडासालाही असेच दोन खड्डे हवेत. एक भरला की बंद करून दीड-दोन वर्षं तसाच ठेवायचा, आतल्या मैल्याचं खत, म्हणजे सोनखत होतं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताचे संडास कधीच करून दाखवले होते.

काकांना खड्ड्याची दिशा वास्तूवाल्याने आखून दिली होती. त्याने नैऋत्य बघितली, विहीर बघितलीच नाही. आपल्याकडे कोकणात जांभा दगड. त्याच्या भेगांतून पाणी न गाळता थेट उताराला पळतं आणि विहिरीत उतरतं. खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला आणि लांब हवा, दिशा कुठलीही असो.

पाकीट काकांनी परत केलं. काल त्यांनी गावाहून परसाचा फोटो पाठवला. मोरीच्या पाइपचं तोंड डबक्यात बुडालेलं आहे. आधी पाइप वर घ्या आणि खाली खडी पसरा, असं कळवलंय.