औषध पेटंट आणि भारताची निर्यात

बौद्धिक संपदेचे संरक्षण कडक केले की निर्यात वाढते, असा दावा व्यापारविषयक वाटाघाटींत नेहमी केला जातो. भारतीय औषध उद्योगाचा पाया मात्र ते संरक्षण सैल करून घातला गेला.

१९११ च्या ब्रिटिशकालीन कायद्यानुसार औषधावरच पेटंट मिळे. बहुतेक पेटंटे परकीयांच्या नावावर आहेत आणि त्यांवर देशात उत्पादन होतच नाही, हे न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात दाखवून दिले. २० एप्रिल १९७२ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने औषधावरचे पेटंट बंद केले. पेटंट उरले ते फक्त बनवण्याच्या प्रक्रियेवर, तेही फार तर सात वर्षे. तेच औषध वेगळ्या रासायनिक मार्गाने बनवण्याची मुभा मिळाली आणि त्यात इथले रसायनतज्ज्ञ तरबेज झाले. हैदराबादेत, तसेच तारापूर, पाताळगंगा, कुरकुंभ अशा एमआयडीसींत कारखाने उभे राहिले.

कौशल्य घरचे असले तरी गिऱ्हाईक बाहेरचे होते. अमेरिकेने १९८४ मध्ये जेनेरिक (मूळ औषधाच्या, इतर कंपन्यांनी बनवलेल्या) औषधांची मंजुरी सोपी केली नसती, तर हा माल तिथे इतका खपला नसता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीवरील तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोवर मूळ कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या वर होता.

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून औषधावर पुन्हा पेटंट मिळू लागले. निर्यात बुडेल अशी भीती होती. ती बुडाली नाही. २०२३-२४ मध्ये ती सुमारे २,८०० कोटी डॉलरवर गेली. याचे श्रेय कडक कायद्याला देणे घाईचे ठरेल. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) मुळे जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळवणे अवघड झाले (नोव्हार्टिस या स्विस औषध कंपनीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेटाळला तो याच कलमावर), आणि पेटंट संपण्याआधीच मंजुरीची तयारी करण्याची सवलत कलम १०७अ ने दिली.

शिवाय पेटंट देशापुरते असते. निर्यातदाराला आपल्या देशापेक्षा माल घेणाऱ्या देशाचा कायदा अधिक नडतो, कधी तर वाटेतल्या देशाचाही. डिसेंबर २००८ मध्ये डॉ. रेड्डीज या हैदराबादच्या औषध कंपनीचे रक्तदाबावरील लोसार्टन ब्राझीलला चालले होते. भारतात त्यावर पेटंट नव्हते, ब्राझीलमध्येही नव्हते. नेदरलँड्समध्ये होते आणि विमान बदलताना माल तिथेच अडवला गेला. तो शेवटी भारतात परत आला. २०१० मध्ये भारत आणि ब्राझील यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे युरोपीय संघाविरुद्ध तक्रार नोंदवली.