वसंतारंभीची छाटणी व लागवड

वसंतारंभीची छाटणी व लागवड : समशीतोष्ण हवामानात थंडीचा कडाका ओसरल्यावर आणि झाडांचे डोळे (पाने-फुलांचे मिटलेले अंकुर) फुटण्यापूर्वी परसबागेत करावयाची कामे. फळझाडे, गुलाब व फुलझुडपे यांची छाटणी, उघड्या मुळांच्या (मुळांभोवती माती नसलेल्या) रोपांची लागवड आणि थंडी सोसणाऱ्या भाज्यांची पहिली पेरणी यांचा त्यांत समावेश होतो. उत्तर गोलार्धात हा काळ साधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत, तर दक्षिण गोलार्धात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो. उंची, समुद्राचे सान्निध्य आणि त्या वर्षीची थंडी यांनुसार तो काही आठवडे मागेपुढे होतो. म्हणून तारखेपेक्षा डोळ्यांची अवस्था हीच भरवशाची खूण मानावी. डोळे फुगलेले असावेत, पण खवल्यांतून हिरवे टोक डोकावलेले नसावे.

इतिहास : छाटणीच्या उगमाविषयी एक ग्रीक दंतकथा पाउसेनिअस या प्रवासवर्णनकाराने (इ. स. दुसरे शतक) नोंदविली आहे. नॉप्लिया येथे खडकात कोरलेले एक गाढव होते. गाढवाने द्राक्षवेलीचे शेंडे खाल्ले आणि पुढे त्या वेलीला अधिक फळ आले, त्यावरून लोक छाटणी शिकले, असे तेथे सांगत. जनावरांनी खुडलेली झाडे दाट फुटतात हे निरीक्षण कथेमागे असावे. ऐतिहासिक पुरावा म्हणून मात्र तिला फारसे मोल नाही. याहून जुना पुरावा म्हणून गेझेर या आजच्या इझ्राएलमधील प्राचीन नगरात १९०८ मध्ये सापडलेल्या चुनखडीच्या पाटीचा दाखला दिला जातो. ती बहुधा इ. स. पू. दहाव्या शतकातील असून तिच्यावर शेतीच्या कामांनुसार महिने मोजले आहेत. तिच्यातील दोन महिन्यांचा एक उल्लेख काही अभ्यासक द्राक्षवेलींच्या छाटणीचा, तर काही द्राक्षतोडणीचा मानतात. ओळींचा क्रम पाहता हे महिने धान्याच्या सुगीनंतरचे, म्हणजे उन्हाळ्याचे ठरतात. त्यामुळे पहिला अर्थ स्वीकारला तरी ती हिरव्या फुटव्यांची छाटणी असावी, सुप्तावस्थेतील नव्हे. वसंतारंभीच्या छाटणीचा प्राचीन दाखला म्हणून या पाटीचा उपयोग करणे त्यामुळे सयुक्तिक वाटत नाही.

ग्रीक व लॅटिन ग्रंथांत विषय स्पष्टपणे येतो. थीओफ्रॅस्टस (इ. स. पू. चौथे-तिसरे शतक) छाटणीचे झाडावर होणारे परिणाम चर्चितो. कॉल्युमेला (इ. स. पहिले शतक) द्राक्षमळ्यातील कोयत्याच्या पात्याचे सहा भाग वर्णितो: मुठीलगतची सरळ धार, तिच्यापुढची वक्र धार, वाकातून उतरणारी तासणी, आकडीसारखी चोच, पाठीवरचे छोटे कुऱ्हाडपाते आणि पुढे आलेले टोक. ओढून कापणे, ढकलून तासणे, खोलगट भागात पोचणे आणि घाव घालणे ही कामे त्यामुळे एकाच हत्याराने होत. हा कोयता अठराशे वर्षे फारसा न बदलता टिकला. दोन पात्यांची छाटणी-कातरी बेरत्रां द मॉलव्हिल या फ्रेंच सरदाराने १८१५ च्या सुमारास प्रचारात आणली असे सर्वसाधारणपणे मानतात. तिने फांदी चिरडते अशी तक्रार द्राक्षबागाइतदार बराच काळ करीत.

संस्कृत ग्रंथांपैकी वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (इ. स. सहावे शतक) वृक्षायुर्वेदाध्याय येथे महत्त्वाचा आहे. फांद्या न फुटलेली रोपे शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात आणि भक्कम खोडाची झाडे पावसाच्या आरंभी लावावीत, असे तो सांगतो. पानांविना असलेले कोवळे रोप वसंतापूर्वी हलवावे हे आजच्या उघड्या मुळांच्या लागवडीचेच तत्त्व. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम आणि बारा हात किमान, हेही तेथेच आहे.

वाढीवरील परिणाम : शेंडा कापला की खालचे डोळे फुटतात, याचे कारण दीर्घकाळ वादात राहिले. शेंड्यातून खाली उतरणारे ऑक्सिन हे संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना रोखते, असे थिमन व स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखविले. पण ऑक्सिन स्वतः त्या डोळ्यांत शिरत नाही, त्यामुळे ही उपपत्ती अपुरी ठरत होती. २००८ मध्ये स्ट्रिगोलॅक्टोन या संप्रेरक-गटाचा सहभाग दोन स्वतंत्र संशोधनांतून पुढे आला. २०१४ मध्ये वाटाण्यावरील प्रयोगांतून असे सुचविण्यात आले, की पहिला इशारा शर्करेचा असतो: शेंडा गेला की त्याच्याकडे ओढली जाणारी साखर डोळ्यांकडे वळते आणि ते जागे होतात, ऑक्सिन कमी झाल्याचा परिणाम नंतर जाणवतो. हे निष्कर्ष परस्परपूरक मानणे सध्या अधिक योग्य दिसते. बागेत त्याचा अर्थ एवढाच, की खोड व मुळांतील साठा कायम असताना डोळे थोडे उरले, तर प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला अधिक येते आणि फुटवे जोमदार निघतात. जास्त छाटलेल्या सफरचंदावर उभे, फळ न धरणारे फुटवे माजतात, ते याच कारणाने.

कापाची जागा : छाटणीतील सर्वांत मोठा वाद हा. फ्रान्समधील काउंट दे कार यांच्या १८६० च्या दशकातील ग्रंथाने फांदी खोडाच्या अगदी सपाटीला कापून वर डांबर लावण्याची पद्धत रूढ केली. सपाट कापाभोवती सालीची कड भराभर जाड होते आणि ती कड जखम बरी होत असल्याची खूण समजली गेली. अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी करवतीने हजारो झाडे उभी चिरून या समजाचा पाया काढून घेतला. झाड जखम भरून काढत नाही, ती कोंडून टाकते, हे त्यांच्या १९७७ मधील मांडणीचे सार आहे. त्यांनी चार ‘भिंती’ कल्पिल्या. पहिली कुजणे वर-खाली पसरू नये म्हणून असते आणि ती सर्वांत दुबळी. दुसरी गाभ्याच्या दिशेने आणि तिसरी आडव्या अंगाने पसार रोखते. चौथी जखमेनंतर ऊतककराने (साल व लाकूड यांमधील वाढणाऱ्या थराने) घातलेल्या नव्या थरात तयार होते. ती सर्वांत भक्कम असते आणि जुने लाकूड कुजले तरी नवे लाकूड वाचविते.

फांदी खोडाला मिळते तेथे एक फुगीर कडे दिसते. ते खोडाच्या ऊतींचे असते. सपाट कापात ते निघून जाते आणि फांदीची जखम खोडाची होते. उलट लांब खुंट ठेवला तर तो वाळून बुरशीला आयते खाद्य मिळते. म्हणून काप कड्याच्या लगत, पण बाहेरून घ्यावा. जड फांदीसाठी तीन काप लागतात: खोडापासून सुमारे ३० सेंमी.वर खालून अर्धवट, त्याच्या थोडा पुढे वरून पूर्ण, आणि शेवटी उरलेला खुंट कड्यापाशी. पहिला काप टाळला तर मोडणारी फांदी खोडाची साल लांबवर सोलत नेते.

शायगो यांचे मत आज सर्वमान्य झाले असले तरी काळाबाबत त्याला पुरवणी जोडावी लागते. हँबुर्ग येथील ड्यूयेसीफ्केन व लीझे या संशोधकांना ऐन हिवाळ्यातील जखमांच्या कडेने ऊतककर अधिक मरतो असे आढळले, कारण सुप्त झाड लगेच भिंत घालू शकत नाही. भूर्ज, विलो, पॉप्लर यांसारखी कोंडण्यात कमकुवत झाडे ५ सेंमी.हून, तर ओकसारखी समर्थ झाडे १० सेंमी.हून मोठ्या जखमा टाळून छाटावीत, अशी मर्यादा त्यांनी सुचविली. ऐन थंडीपेक्षा डोळे फुगण्याच्या सुमाराची छाटणी बरी, या मालींच्या जुन्या अनुभवाला यातून दुजोरा मिळतो.

जखमेवरील लेप : वराहमिहिर शस्त्राने शुद्धी करून वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप सांगतो. विल्यम फॉर्सिथ या राजमाळ्याने १७९१ मध्ये शेण, जुन्या बांधकामाचा चुना, लाकडाची राख व वाळू यांचे मिश्रण प्रसिद्ध केले आणि त्याला ब्रिटिश संसदेचे अनुदानही मिळाले. त्याच्या दाव्यांना टॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज उद्यानतज्ज्ञांनी कडाडून विरोध केला. लेपामुळे कुजणे थांबत नाही, असेच पुढील चाचण्यांतून दिसले. ओकच्या मरगळ रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या भागात ताज्या कापावर लगेच रंग लावणे हा अपवाद, कारण तेथे कापाच्या वासाने येणारे भुंगे बुरशी आणतात.

वनस्पतिनिवड : नव्या वाढीवर फुलणारी बडलिया, कणिसासारख्या तुऱ्याची हायड्रेंजिया, संकरित गुलाब यांना ही छाटणी मानवते. लायलॅक, फॉर्सिथिया यांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात. त्यांना फुले ओसरल्यावरच हात लावावा. चेरी व आलुबुखार यांना थंड, ओल्या हवेत रुपेरी पान या बुरशीजन्य रोगाची बीजुके (सूक्ष्म बीजकण) जखमेतून शिरतात, म्हणून त्यांची छाटणी उन्हाळ्यात करतात. द्राक्ष, मॅपल व भूर्ज यांच्या कापातून रस गळतो. तो पाहून घाबरायला होते, परंतु त्याने झाड दगावत नाही.

लागवड : उघड्या मुळांची रोपे डोळे फुटण्याआधी जमिनीत जावीत, कारण पाने पाणी मागू लागण्यापूर्वी नवी मुळे धरायला अवधी मिळतो. मुळे काही तास पाण्यात भिजवितात. खड्डा मुळांच्या पसाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद असावा, पण त्यांच्या उंचीहून खोल नसावा. खोड जेथे पसरून मुळांना मिळते तो भाग मातीच्या वरच दिसायला हवा. तो गाडला गेला तर साल कुजते आणि त्याचे परिणाम काही वर्षांनी दिसतात.

जमीन वाफशावर आली की नाही, हे मूठभर माती दाबून कळते. गोळा बोटाने ढोसल्यावर फुटला तर काम करावे. तसाच चिकटून राहिला तर थांबावे, कारण ओली माती तुडविली की तिच्यातील हवेच्या पोकळ्या दबतात. वाटाणा, पालक व सॅलडची पाने जमिनीचे तापमान ५° से.च्या आसपास पोचले की हळूहळू उगवतात. बटाट्याला किमान ७° से. लागते. टोमॅटो व मिरची मात्र शेवटच्या हिमतुषाराच्या सहा ते आठ आठवडे आधी आडोशाला पेरून नंतर बाहेर लावतात.