भर उन्हाळ्यात मोठा बास कुठे उभा असतो?

गेल्या ऑगस्टमध्ये डॅलसहून भाच्याचा फोन आला. "मामा, इथे चाळीस अंश तापमान आहे. तीन शनिवार तळ्यावर घालवले, पिल्लांशिवाय काही गळाला लागलं नाही. सगळे म्हणतात उन्हाळ्यात बास खातच नाही, आणि मोठा बास तर गारव्यासाठी तळाशी जाऊन पडून राहतो." या बोलण्यात दोन चुका आहेत. दोन्ही इतक्या सर्रास ऐकू येतात की त्याला फोनवर दिलेलं उत्तर नीट लिहून काढायचं ठरवलं.

आधी माशाची ओळख करून देतो. आपल्याकडे हॉटेलात 'सी बास' म्हणून जो ताटात येतो तो बहुधा जिताडा असतो, रायगडकर ज्याच्यावर जीव टाकतात तोच. तो मासा वेगळा. इथे बोलतोय तो लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला, मूळचा उत्तर अमेरिकेचा, सनफिश कुळातला. हिरवट पाठ, अंगावरून आडवा गेलेला काळपट पट्टा, आणि मिटल्यावर ज्याची कड डोळ्याच्याही मागे पोचते असा जबडा. अमेरिकेत गळ टाकणाऱ्यांचा हा सर्वांत लाडका मासा आहे.

या माशाच्या वजनाचा जागतिक विक्रम दोघांच्या नावावर आहे. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी लेकमध्ये जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १०.०९ किलोचा बास काढला. महामंदीचे दिवस होते, वजन झाल्यावर मासा घरी शिजला. त्यानंतर २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जिवंत ब्लूगिल मासा आमिषाला लावून १०.१२ किलोचा बास काढला. विक्रम मोडायचा तर निदान २ औंसांनी, म्हणजे ५७ ग्रॅमनी पुढे जावं लागतं. कुरितांचा मासा एका औंसानेही पुढे नव्हता, म्हणून बरोबरी धरली गेली. तारखा मात्र पाहा, एक जूनची आणि एक जुलैची. टेक्सासात सर्वांत जड बास फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतात हे खरं आहे, कारण तेव्हा माद्यांच्या पोटात अंडी असतात. त्यावरून उन्हाळ्यात मासा उपाशी बसतो असं ठरत नाही.

उलट तो जास्त खातो. माशाच्या शरीराचं तापमान भोवतालच्या पाण्याएवढंच असतं. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. श्वास वाढतो, पचन वेगाने होतं, भूक वाढते. लार्जमाउथची वाढ २७ अंशांच्या आसपास सर्वांत जोमाने होते, ३६ च्या पुढे मात्र त्याच्या जिवावर बेतू लागतं. म्हणजे ऑगस्टच्या तळ्यात त्याला भूक भरपूर असते. फक्त त्याची उभं राहण्याची जागा बदललेली असते, आणि ती का बदलते हे समजायला पाण्याकडे वळावं लागतं. मला या विषयात सर्वांत जास्त रस तिथेच आहे.

मे महिन्यात विहिरीत पोहलेल्यांना हे अंगाने माहीत असतं. वरचं पाणी कोमट असतं. उभं राहून पाय खाली सोडले की पोटऱ्यांना एकदम गार पाणी लागतं. हा बदल हळूहळू होत नाही, वीत-दोन वितीत होतो. आम्ही मुलं त्या गार पाण्याला घाबरायचो, कारण मोठी माणसं म्हणायची की खाली आसरा असतात आणि त्या पाय ओढतात. तिथे होतं ते जड पाणी.

पाणी सर्वांत जड असतं ४ अंश सेल्सियसला. त्यापुढे तापेल तसं ते हलकं होत जातं, हे शाळेत शिकलेलो असतो. शाळेत सांगायचं राहून जातं ते असं की हे हलकं होणं सारख्या चालीने होत नाही. ४ वरून ५ अंशांवर जाताना एक घनमीटर पाण्याचं वजन जेमतेम ८ ग्रॅमनी घटतं. २४ वरून २५ वर जाताना ते २५० ग्रॅमनी घटतं, आणि २९ वरून ३० वर जाताना जवळजवळ ३०० ग्रॅमनी. अंश एकच, पण उन्हाळ्यात त्याचं मोल तीसपट-पस्तीसपट. गरम पाण्यात थोडासा तापमानफरकही मोठा वजनफरक होऊन बसतो.

आता थोडं गणित करू. दहा मीटर खोल पाण्याचा एक उभा खांब घ्या, पाया एक चौरस मीटरचा. वरचे पाच मीटर २८ अंशांचे, खालचे पाच मीटर १२ अंशांचे. वरच्या घनमीटरचं वजन ९९६.२ किलो, खालच्याचं ९९९.५ किलो. फरक सव्वातीन किलोंचा, हजारात तीन. क्षुल्लक वाटतो. पण हा खांब ढवळून एकजीव करायचा तर खालचं जड पाणी वर उचलावं लागतं, आणि त्याला सुमारे ४०० ज्यूल ऊर्जा लागते. ४० किलोचं पोतं एक मीटर उचलायला लागते तेवढी, आणि तीही तळ्याच्या प्रत्येक चौरस मीटरमागे. हेच गणित वसंताच्या सुरुवातीला करा, वर ६ अंश आणि खाली ४ अंश धरून. ऊर्जा निघते फक्त ४ ज्यूलच्या आसपास, म्हणजे ४०० ग्रॅमची पिशवी एक मीटर उचलण्याएवढी. मार्चचा वारा ती सहज उचलतो आणि तळं वरपासून खालपर्यंत ढवळून टाकतो. ऑगस्टच्या वाऱ्याला ते पोतं उचलवत नाही. तो फक्त वरचा थर ढवळत राहतो, आणि वरचा थर जितका तापतो तितकं पोतं जड होत जातं.

अशा रीतीने तळ्याचे दोन मजले होतात. वर गरम, ढवळलं जाणारं पाणी. खाली गार आणि निश्चल. मध्ये पातळशी पट्टी, जिथे तापमान झपाट्याने घसरतं. या पट्टीला थर्मोक्लाइन म्हणतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या तळ्यांवर काम करणाऱ्या एडवर्ड बर्ज यांनी हा शब्द १८९७ मध्ये वापरला. खोली एक मीटर वाढल्यावर तापमान एक अंश किंवा त्याहून जास्त उतरलं तर ती पट्टी मानायची, हे मोजमापही त्यांचंच.

तापमानाचे थर पडणं एवढ्यावर थांबत नाही, खालच्या मजल्याचा श्वासच बंद होतो. पाण्याला प्राणवायू दोन ठिकाणांहून मिळतो, हवेला भिडलेल्या पृष्ठभागातून आणि उजेडात वाढणाऱ्या वनस्पतींकडून. खालच्या मजल्याला पृष्ठभागही भिडत नाही आणि उजेडही पोचत नाही. वरून मात्र मेलेल्या शेवाळाचा, पानापाचोळ्याचा, विष्ठेचा पाऊस सारखा पडत असतो. जिवाणू ते कुजवतात आणि कुजवताना प्राणवायू वापरतात. खतपाण्याने सुपीक झालेल्या तळ्यात जुलै संपेपर्यंत खालचा प्राणवायू जवळजवळ संपतो. म्हणून 'मोठा बास गारव्यासाठी तळाशी जातो' हे चूक. तळाशी गारवा असतो, पण तिथे श्वास घ्यायला काही नसतं. लिटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायू असला की बास अस्वस्थ होतो, आणि २ च्या खाली तो सहसा थांबतच नाही.

वरही फार चैन नसते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात ७.६. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी साठा घटतो. स्ट्राइप्ड बास या वेगळ्या, थंड पाणी मानवणाऱ्या माशाची यात अक्षरशः कोंडी होते. वर उष्णता, खाली गुदमर. टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या चार्ल्स कुटंट यांनी १९८० च्या दशकात ही कोंडी मांडली. लार्जमाउथ तितका नाजूक नाही, पण त्याची सोयीची जागाही आक्रसतेच.

हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, आणि तळं पुन्हा एकदा तळापर्यंत श्वास घेतं. बिवा सरोवराच्या काठची माणसं याला सरोवराचा 'दीर्घ श्वास' म्हणतात. सरोवर १०४ मीटर खोल आहे, तरी दर हिवाळ्यात तो श्वास तळाला पोचायचा. २०१९ आणि २०२० मध्ये, लागोपाठ दोन वर्षं, हिवाळा उबदार गेल्याने तो पोचला नाही. २०२१ मध्ये पुन्हा पोचला.

भाच्याला म्हटलं, महागडं यंत्र घेण्याआधी बाटली घे. जड काचेची बाटली, तळाला शिशाचं वजन, तोंडाला बूच. बाटलीला एक दोरी आणि बुचाला वेगळी तंगूस. ठरलेल्या खोलीवर बाटली सोडायची, झटका देऊन बूच काढायचं, भरू द्यायची, भराभर वर ओढून लगेच तापमापी घालायची. खाली पाण्याचा दाब बूच आत रेटत असतो, म्हणून झटका जोराचा लागतो. पुढच्या शनिवारी त्याचे आकडे आले. पृष्ठभागावर ३१, तीन मीटरवर ३०, पाचवर ३०, सहावर २८, सातवर २४, आठवर २१. पाच मीटरपर्यंत जेमतेम एक अंश, आणि पुढच्या तीन मीटरांत नऊ अंश. आठ मीटरच्या बाटलीला सडक्या अंड्यासारखा वास होता, हेही त्याने लिहिलं होतं. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास. प्राणवायू संपल्यावर दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागल्याची ती खूण.

मग मोठा मासा कुठे? या थराच्या, म्हणजे थर्मोक्लाइनच्या, अगदी वर, आणि जिथे तळ त्या खोलीला येऊन भिडतो तिथे. भाच्याच्या तळ्यात चार ते सहा मीटरवर. धरणाच्या जलाशयात जुन्या ओढ्याचं पात्र बुडालेलं असतं, त्याची कड पाहावी. बुडालेली टेकडी, जुना रस्ता, झाडांची खोडं यांच्याजवळ पाहावं. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, थराच्या वर साठतं, प्लवकापाठी शॅड या लहान माशांचे थवे येतात, आणि बास खोडाच्या सावलीत त्यांची वाट पाहतो. होडीवरच्या सोनार यंत्रावर (ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारं यंत्र) हा थर धूसर पट्ट्यासारखा दिसतो, कारण तिथे अडकून राहिलेले सूक्ष्म जीव आणि कण ध्वनी परतवतात. त्या पट्ट्याखाली आमिष सोडणं म्हणजे रिकाम्या घराचं दार वाजवणं.

आमिषाचा आकार हा पुढचा मुद्दा. गरम पाण्यात मोठ्या माशाला प्रत्येक धाव महाग पडते. दहा चिमुकल्या माशांमागे दहा वेळा धावण्यापेक्षा वितभर शॅडवर एकदा झडप घालणं त्याला परवडतं. म्हणून उन्हाळा आहे म्हणून आमिष लहान करायचं कारण नाही. मोठा मासा हवा असेल तर आमिषही मोठंच लावावं.

पहाटेबद्दल थोडं सांगायला हवं. पहाटे उजेड कमी असतो आणि दबा धरणाऱ्या माशाला ते सोयीचं असतं, म्हणून सगळे पहाटे जातात. पण दाट पाणवनस्पतींच्या उथळ जागी प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटेच. दिवसभर वनस्पती तो तयार करतात आणि रात्रभर स्वतःच वापरतात. शेततळ्यात रोहू-कटला पाळणाऱ्यांना विचारा, मासे वर येऊन तोंडं वासतात ती वेळ कोणती. म्हणून पहाटे उघड्या पाण्याकडची कड धरावी, आणि गवताळ कोपरे संध्याकाळसाठी ठेवावेत.

चंद्राची कोष्टकं विकणाऱ्या अॅपवर भाच्याने पैसे घातले होते, त्याचं मला वाईट वाटलं. आपल्या कोकणात गरी टाकणारा तिथी पाहतो त्याला भक्कम कारण आहे. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, असते, आणि खाडीतलं सगळं जीवन त्या पाण्याबरोबर आत-बाहेर करतं. अमेरिकेच्या पंचमहासरोवरांतसुद्धा भरती-ओहोटी ५ सेंटिमीटरपेक्षा कमी असते. टेक्सासातल्या धरणात ती मोजतासुद्धा येणार नाही. ज्याला थराची खोली माहीत नाही त्याने पंचांग उघडून काही साधणार नाही.

शेवटचं सांगायचंय ते सोडण्याबद्दल, कारण अमेरिकेत बहुतेक जण बास पकडून परत सोडतात. (बिवामध्ये तसं करता येत नाही. जपानात हा मासा १९२५ मध्ये बाहेरून आणला गेला, स्थानिक मासे त्याने फस्त केले, आणि बिवा ज्या शिगा प्रांतात आहे तिथे २००३ पासून पकडलेला बास पाण्यात परत सोडायला बंदी आहे.) झुंजताना माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं आणि ते निस्तरायला प्राणवायू लागतो, जो गरम पाण्यात आधीच कमी असतो. शिवाय वाताशयाचा प्रश्न आहे. सहा मीटरवर दाब वातावरणाच्या १.६ पट असतो, म्हणून तिथून झटपट वर आणलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी १.६ पट फुगते. दहा मीटरवरून आणला तर दुप्पट. रोहू-कटल्याला ही हवा घशावाटे सोडायला नळी असते, बासला नसते. त्याची हवा रक्तावाटे हळूहळूच जाते. मग सोडलेला मासा खाली जाऊ शकत नाही आणि सर्वांत तापलेल्या पाण्यात कलंडून तरंगत राहतो.

म्हणून उन्हाळ्यात जाड तंगूस वापरावी आणि झुंज लवकर संपवावी. थराच्या खोलीवरून काढलेला मासा होडीवरच्या टाकीत डांबून न ठेवता तिथल्या तिथे सोडावा. मोठा मासा नुसता जबड्याला धरून लोंबकळवू नये, दुसरा हात पोटाखाली द्यावा, आणि तोही आधी ओला करून. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा तयार ठेवावा, मगच मासा पाण्याबाहेर घ्यावा.