गाडी एका बाजूला ओढणे

सरळ, सपाट रस्त्यावर स्टेअरिंगवरचा हात सैल केला की मोटारगाडी दर वेळी एकाच बाजूला जाऊ लागते, या दोषाला चालक आणि मेकॅनिक ‘गाडी डावीकडे (किंवा उजवीकडे) ओढते’ असे म्हणतात. गाडी सरळ ठेवायला स्टेअरिंगवर विरुद्ध दिशेने सतत जोर लावावा लागतो, ही त्याची खूण. याच्याशी गल्लत होणारी दोन लक्षणे आहेत. एकात स्टेअरिंग तिरके दिसते, पण गाडी सरळ जाते. तिथे बहुधा टाय रॉड (स्टेअरिंगचे वळण चाकांपर्यंत नेणारे दांडे) दोन्ही बाजूंना सारखे बसवलेले नसतात. दुसऱ्यात गाडी कधी इकडे, कधी तिकडे भरकटते. तिथे टाय रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा सांधा), बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोल फिरता सांधा) किंवा बुश (सांध्यातले रबरी अस्तर) झिजलेले असण्याची शक्यता जास्त. गॅरेजमध्ये तिन्ही तक्रारींवर ‘अलाइनमेंट गेलंय’ (चाकांचे कोन बिघडलेत) हे एकच उत्तर मिळते आणि निदान तिथेच फसते.

गाडी ओढते कधी, हे आधी पाहावे: कायम, फक्त ब्रेक मारल्यावर, की फक्त ॲक्सिलरेटर दिल्यावर. त्या खालोखाल महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ओढायला लागण्याआधी गाडीचे काय झाले होते. नवे टायर टाकले, खड्ड्यात चाक जोरात आदळले, फुटपाथला घासले, सस्पेन्शनचे (धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचे) काम झाले, यांपैकी एखादे उत्तर आले तर अर्धे निदान तिथेच होते.

पहिला संशय रस्त्यावर घ्यावा. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्याला साधारणपणे 2 ते 2.5 टक्के आडवा उतार देतात. 2.5 टक्के उतारावर 1,000 किलोच्या गाडीला सुमारे 25 किलो वजनाएवढे बल बाजूला ढकलत असते. भारतात वाहने डावीकडून चालतात आणि सरळ रस्त्याचा उतारही सहसा डाव्या कडेकडे असतो. त्यामुळे ठणठणीत गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते. उलट, अशा रस्त्यावर उजवीकडे ओढणारी गाडी उताराविरुद्ध जात असते, म्हणून तिच्यात दोष आहे हे जवळजवळ नक्की समजावे. ‘त्याच रस्त्याने परत येऊन बघू’ अशी ट्रायल घेण्याची पद्धत आहे, पण परतताना गाडी पुन्हा आपल्या डाव्या बाजूला असते आणि उतारही पुन्हा डावीकडेच. अशा फेरीतून आडव्या वाऱ्याचा परिणाम तेवढा कळतो, कारण वारा परतीला दुसऱ्या बाजूने लागतो. रस्ता वगळायचा तर मोकळे, सपाट पटांगण गाठावे.

नंतर टायर. एका पुढच्या टायरात हवा कमी असेल तर त्याचा रोध वाढतो आणि गाडी त्या बाजूला ओढते. हवा टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहावी. लांबचा प्रवास करून पंपावर थांबलेल्या गाडीत तापलेल्या टायरचा दाब वाढलेला असतो. तिथे जास्त वाटणारी हवा काढली की घरी पोचेपर्यंत टायर कमी हवेचा झालेला असतो.

हवा बरोबर असूनही ओढत असेल, तर कारण टायरच्या आत असू शकते. रेडियल टायरमधले पोलादी पट्टे बनवताना किंचित एका कडेला सरकले, तर टायरची एक बाजू दुसरीपेक्षा ताठ होते. हवा भरल्यावर डोळ्यांना तो गोलच दिसतो, पण रस्त्यावर तो आडव्या ठेवलेल्या शंकूसारखा लोळू पाहतो. बॅलन्सिंगच्या मशीनवर हा दोष सापडत नाही, कारण तिथे वजनाचा तोल मोजतात, बाजूचा जोर नव्हे. तो शोधण्याची परीक्षा बिनखर्चाची आहे. पुढची दोन्ही चाके उतरवून एकमेकांच्या जागी लावावीत आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवावी. ओढण्याची दिशा उलटली तर दोष टायरचा. ओढणे थांबले तरी टायरचाच, फक्त जोडी बदलल्याने तो झाकला गेला. काहीच फरक पडला नाही तर टायर सुटले आणि पुढे जावे. टायरच्या कुशीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर मात्र असे चाक दुसऱ्या बाजूला लावू नये. मागची त्याच बाजूची चाके पुढे घेऊन पाहावे. एवढ्याशा अदलाबदलीला बहुतेक ठिकाणी फाटा दिला जातो आणि गाडी थेट अलाइनमेंटच्या मशीनवर चढते, ही रीत चुकीची आहे.

अलाइनमेंटमध्ये तीन कोन पाहतात. समोरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर कलते तो कॅम्बर. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त धन असेल, म्हणजे चाकाचा माथा जास्त बाहेर असेल, तिकडे गाडी ओढते. बाजूने पाहिल्यावर स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन तो कॅस्टर. तो ज्या बाजूला कमी, तिकडे गाडी जाते. टो म्हणजे चाकांची पुढची टोके आत वळलेली आहेत की बाहेर. पुढच्या चाकांच्या टोमुळे गाडी सहसा ओढत नाही, कारण चालताना तो दोन्ही चाकांत आपोआप वाटला जातो. तो बिघडला तर टायर खाल्ले जातात. टायरच्या गोट्यांवरून (रस्त्याला टेकणाऱ्या रबरी ठोकळ्यांवरून) हात आडवा फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागते.

मशीनच्या पडद्यावर सगळे हिरवे, म्हणजे मर्यादेत, दिसते आणि गाडी तरीही ओढते, याचेही कारण आहे. समजा कॅम्बरची मर्यादा उणे 1 ते अधिक 1 अंश आहे. डावे चाक अधिक 0.5 वर आणि उजवे उणे 0.5 वर असेल तर दोन्ही आकडे हिरवेच, पण दोघांत पूर्ण 1 अंशाचा फरक. गाडी डावीकडे जाणारच. बहुतेक गाड्यांत हा फरक साधारण अर्ध्या अंशाच्या आत असावा लागतो. म्हणून कामाआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही छापील कागद मागून घ्यावेत आणि डाव्या-उजव्या रकान्यांची वजाबाकी स्वतः करावी. भारतातल्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो जुळवता येतो. तिथे कॅम्बर किंवा कॅस्टर चुकला असेल तर लोअर आर्म (चाक खालून धरणारा दांडा), स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) किंवा नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) वाकलेला असतो, नाहीतर क्रॉसमेंबर (हे सगळे पेलणारी आडवी चौकट) सरकलेला. मशीनवर कितीही वेळा चढवले तरी तो सरळ होत नाही.

मागचा ॲक्सल तिरका झाला असेल तर गाडी खेकड्यासारखी जराशी तिरपी चालते आणि सरळ जायला स्टेअरिंग वळवून धरावे लागते. डबक्यातून कोरड्या रस्त्यावर आल्यावर मागच्या चाकांचे ओले पट्टे पुढच्यांच्या तुलनेत एका बाजूला सरकलेले दिसले, तर हा संशय पक्का करावा.

फक्त ब्रेक मारल्यावर ओढणारी गाडी चांगल्या ब्रेकच्या दिशेने जाते. डावा कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम असेल किंवा डाव्या पॅडला तेल-ग्रीस लागले असेल तर काम उजवीकडचा ब्रेकच करतो आणि गाडी उजवीकडे ओढते. चिकटून राहिलेल्या ब्रेकचे उलटे: पाय उचलला तरी तो धरून असतो, म्हणून गाडी त्याच बाजूला ओढते. थोडे अंतर शक्यतो ब्रेक न मारता चालवून थांबावे आणि हाताची मागची बाजू, न टेकवता, प्रत्येक चाकाजवळ न्यावी. एकच चाक धगधगत असेल, जळका वास येत असेल तर दुसरी परीक्षा लागत नाही. कॅलिपर बदलूनही ब्रेक चिकटतच राहिला तर रबरी होज (ब्रेकचे तेल नेणारी नळी) तपासावा. तो आतून सुजला की तेल दाबाने जाते, पण परत येत नाही. ब्रेकच्या प्रकारात गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नये. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लागला तर ती आडवी होऊ शकते.

ॲक्सिलरेटर देताच ओढणे हे पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांचे लक्षण. आडव्या बसवलेल्या इंजिनमुळे दोन्ही ड्राइव्हशाफ्टची (चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्यांची) लांबी सारखी नसते आणि जोर वाढला की स्टेअरिंगला हिसका बसतो. ताकदवान गाडीत तो थोडासा असणे ही रचनेची मर्यादा आहे. आधी नव्हता आणि अचानक सुरू झाला तर इंजिन माउंट (इंजिन धरणारे रबरी आधार) आणि लोअर आर्मचे बुश पाहावेत.

एक विचित्र प्रकार असा की उजवे वळण घेतल्यावर गाडी उजवीकडे ओढते आणि डावे घेतल्यावर डावीकडे. यात स्टेअरिंग मध्यावर परतत नाही: स्ट्रटच्या वरचे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट घट्ट झालेला असतो. आर्मचे बुश गाडी जॅकवर लटकत असताना आवळले तर ते पिळलेलेच राहतात. ते बोल्ट चाके जमिनीवर टेकल्यावर आवळायचे असतात.

इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगने निदान थोडे अवघड केले आहे. अनेक नव्या गाड्यांत मोटर चालकाचा सततचा जोर ओळखून तेवढी मदत स्वतःच देते आणि बारीक ओढणे झाकून टाकते, त्यामुळे टायर झिजेपर्यंत दोष कळत नाही. लेन धरून ठेवणारी यंत्रणा असेल तर ट्रायलच्या वेळी ती बंद करावी. अलाइनमेंटनंतर अशा गाड्यांच्या स्टेअरिंग कोनाच्या सेन्सरला स्कॅनर लावून नवा मध्य शिकवावा लागतो. ते राहून गेले तर कोन अचूक असूनही गाडी ओढू शकते किंवा डॅशबोर्डवर स्थिरता नियंत्रणाचा दिवा लागतो.