प्रीअँपच्या सगळ्या ट्यूब एकदम बदलायची गरज नाही

मॉड्यूलर गिटार अँपबद्दल (ज्यात प्रीअँपचे, म्हणजे सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाचे, मॉड्यूल काढून बदलता येतात) एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: आवाज सुधारायचा तर सगळ्या प्रीअँप ट्यूब एकदम बदला आणि मग बायस (सिग्नल नसताना ट्यूबमधून वाहणारा प्रवाह) जुळवून घ्या. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

प्रीअँपमधल्या नेहमीच्या १२एएक्स७ ट्यूबमध्ये दोन ट्रायोड (सिग्नल वाढवणारे स्वतंत्र भाग) असतात आणि त्यांचं काम सर्किटमधल्या जागेवरून ठरतं. मॉड्यूलमधली पहिली ट्यूब पिकअपचा क्षीण सिग्नल वाढवते. तिच्यातली खरखर पुढचा प्रत्येक टप्पा मोठी करत नेतो. म्हणून सर्वांत शांत ट्यूब इथेच लावा. गेन (सिग्नलची वाढ) जास्त वाटला तर याच जागी ५७५१ किंवा १२एवाय७ ही कमी वाढ देणारी ट्यूब लावून पाहा. १२एएक्स७ चा वर्धन गुणक १००, ५७५१ चा ७०, १२एवाय७ चा सुमारे ४४.

मुख्य चासीमधली (मॉड्यूल ज्यात बसतात त्या सांगाड्यातली) फेज इन्व्हर्टरची ट्यूब स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूबना परस्परविरुद्ध फेजचे दोन सिग्नल देते; तिचे दोन्ही ट्रायोड जुळणारे असलेले बरे. इफेक्ट्स लूपच्या (बाहेरचे इफेक्ट जोडायच्या मार्गाच्या) ट्यूबवर मात्र महागडी खरेदी वाया जाते.

बायस? प्रीअँप ट्यूबचा बायस बहुधा कॅथोड रेझिस्टरच (सहसा १.५ किलोओहम) सांभाळतो. तो जुळवावा लागतो फिक्स्ड बायस (बायसचा व्होल्टेज वेगळा पुरवणाऱ्या) अँपच्या पॉवर ट्यूब बदलल्यावर.

दोष शोधणं इथे सोपं आहे. खरखर एकाच मॉड्यूलवर येत असेल तर त्याच्याच ट्यूब तपासा. सगळ्यांवर येत असेल तर चासीतल्या. मॉड्यूल किंवा ट्यूब काढण्याआधी अँप बंद करून थंड होऊ द्या.